एका पासात तिघं

चावीवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. तंत्रशाळेच्या भांडारात त्यांनी उभी हयात काढली. कपाटांच्या चाव्या कमरेच्या पट्ट्याला अडकवून ते दिवसभर खुळखुळत हिंडायचे, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं. ठेवणाऱ्यांनी चेष्टेनं ठेवलं, ह्यांना ती पदवी वाटली. निवृत्तीच्या दिवशी चाव्या परत कराव्या लागल्या तेव्हा ते ढसाढसा रडले. आई गेली तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं, असं त्यांची सख्खी बहीणच सांगते, आणि तेही कौतुकानं.

भांडारातली वस्तू बाहेर जाऊ न देणं म्हणजे आपलं काम, अशी त्यांची ठाम समजूत होती. नवी कानस हवी असेल तर झिजलेली आणून दाखवायची. दाखवली की ती उजेडात धरून ते म्हणायचे, "अजून चालेल." हातोड्याचा दांडा मोडला तर दोन्ही तुकडे मागायचे. चांगली हत्यारं तेल लावून कपाटात झोपलेली, आणि पोरं बोथट हत्यारांवर शिकून बाहेर पडलेली. ह्याला ते शिस्त म्हणत.

घरी चाव्या नव्हत्या, पण कारभार तोच. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, कारण घरात राहणारी नणंद दिवसातून शंभरदा तशी हाक मारायची. कुठं जायचं झालं तर तिकीट चावीवाल्यांनी काढायचं, चावीवाल्यांनीच सांभाळायचं, आणि दोघी बायकांनी पिशव्या घेऊन मागून चालायचं. साठी उलटली तरी वहिनींनी स्वतःच्या हातानं एकही तिकीट काढलेलं नव्हतं. ह्यात त्यांचाही दोष होताच. पण तो दोष अंगवळणी पाडायला घरात एक तज्ज्ञ माणूस होता.

वहिनींची थोरली बहीण मोठ्या शहरात राहायची. लग्न केलं नाही, शिवणाचा क्लास काढला, आणि एका खोलीत दहाबारा मशिनी खडखडत असताना त्यांच्यावरून ऐकू जाईल असा आवाज कमावला. एके दिवशी तिचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"चिमे, घशात गाठ निघालीय. सोमवारी कापणार. डॉक्टर म्हणतो स्वरयंत्रच काढावं लागेल. मग काय, पाटी घेऊन बसायचं आणि लिहून बोलायचं. तेव्हा काय विचारायचं असेल ते आत्ता येऊन विचारून घे. मागाहून म्हणू नकोस की ताई उत्तर देत नाही."

वहिनींनी फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं. चावीवाल्यांनी वर्तमानपत्र जरासं खाली केलं.

"अरे वा," ते म्हणाले. "म्हणजे आता जरा शांतता मिळेल. बाई बोलायची फार."

आणि आपला विनोद लागू पडला की नाही हे बघायला त्यांनी बहिणीकडे पाहिलं. ती हसली. हसणं हीच तिची घरातली नोकरी होती.

वहिनी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभ्या राहिल्या. त्यांना रडू आलं नाही आणि रागही आला नाही. राग यायला समोरचा माणूस निदान आपल्याएवढा तरी वाटावा लागतो.

जायचं मात्र ठरलं, कारण चावीवाल्यांना फुकटचं निमित्त मिळालं होतं. "नाहीतरी जायचंच आहे, तर शहर बघून घेऊ. शुक्रवार, शनिवार, रविवार. तुझी ताई शेवटच्या दिवशी." नणंदही निघाली. गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत चावीवाले एकच चोपडी वाचत होते, शहरातल्या ट्रामच्या पासांची माहिती देणारी. पेन्सिलीनं खुणा करत, मान हलवत, मधूनच "लबाड आहेत" असं म्हणत.

स्टेशनात पर्यटकांची वेगळी खिडकी होती. आत बसलेली मुलगी भली होती. तिनं नीट विचारलं, "किती दिवस? कुठं कुठं जायचंय?"

"ते आम्ही बघू," चावीवाले म्हणाले. "ग्रुप पास द्या. तीन दिवसांचा."

वहिनी मागून म्हणाल्या, "अहो, मला एक साधा वेगळा घ्या ना. तुम्ही दोघं शहर बघा, मी ताईकडे बसेन."

"वेगळा? एका घरात दोन पास?" चावीवाले असे वळले, जणू कुणी दोन चुली मांडायला सांगितल्या. "पाच माणसांपर्यंत चालतो हा. आपण तिघं. दोन जागा वर शिल्लक!"

"दादा म्हणतो ते बरोबर आहे," नणंद म्हणाली. तिला काय बरोबर आहे ते अजून कळलेलं नव्हतं.

"पण काका," खिडकीतली मुलगी म्हणाली, "ह्या पासावर सगळ्यांना एकत्रच फिरावं लागतं. कमीत कमी दोघं तरी बरोबर हवीत. तुमच्यापैकी एकानं वेगळं जायचं म्हटलं तर..."

"आमच्यात कुणी वेगळं जात नाही," चावीवाल्यांनी तिला मधेच तोडलं. "आम्ही कुटुंब आहोत."

मुलीनं एकदा वहिनींकडे पाहिलं, आणि पास दिला. चावीवाल्यांनी तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि खिशाला वरून पिन लावली.

पुढचे दोन दिवस ही वरात शहरभर फिरली. संग्रहालयात जायचं नाही, कारण त्याचा पासात समावेश नाही. पण संग्रहालयासमोरून ट्राम जाते, तेव्हा ते ट्राममधून बघायचं. नदीही ट्राममधून. मोठी बाग येताना उजवीकडून आणि जाताना डावीकडून. ट्राम शेवटच्या थांब्यावर पोचली की उतरायचं, थांब्याच्या नावाची पाटी वाचायची, आणि त्याच ट्राममध्ये परत बसायचं. चावीवाले दर वेळी विजयानं म्हणायचे, "हीही झाली!" पास वसूल करायचा म्हणजे बसून राहायचं, हे त्यांनी शोधून काढलं होतं. तंत्रशाळेतही तेच केलं होतं, तेव्हा सराव होता.

एकाला मोरीला जायचं असलं तर तिघांनी उतरायचं. नणंदेचे पाय सुजले, तेव्हा तिघांनी बाकावर बसायचं. वहिनींनी एका दुकानाच्या काचेत लोकरीचा मऊ गळपट्टा पाहिला, ताईच्या गळ्याला होईल असा, आणि पाऊल जरा रेंगाळलं. लगेच पुढून हाक आली, "मागे राहू नका! तपासनीस आला तर?" तपासनीस दोन दिवसांत एकदाही आला नाही. चावीवाल्यांना त्याचं वाईट वाटत होतं. पास दाखवायची त्यांना फार हौस होती.

रविवारी दुपारी लॉजच्या खोलीत वहिनी तयार होऊन बसल्या. पिशवीत फळं होती.

"ताईकडे कधी निघायचं?"

चावीवाल्यांनी नकाशा पलंगावर पसरला. "हे बघ. तुझ्या ताईचा दवाखाना टेकडीवर. तिकडे बघण्यासारखं काहीही नाही. आणि आपली शहराभोवतीच्या वर्तुळाची अर्धी लाइन राहिलीय. पास संध्याकाळी संपतो."

"अहो, उद्या ऑपरेशन आहे."

"म्हणूनच म्हणतो. आज तिला आराम पाहिजे. पेशंटला बोलायला लावू नये. नंतर येऊ की आपण कधीतरी."

"नंतर ती बोलणार नाही."

"लिहील ना," चावीवाले म्हणाले. "लिहिलेलं जास्त दिवस टिकतं."

नणंद हसली नाही. ह्या वेळी तिलाही ते जमलं नाही. ती वाकून पायांत बूट सरकवत राहिली.

तिघं निघाली. टेकडीची ट्राम आणि वर्तुळाची ट्राम बाजार चौकापर्यंत एकाच रुळावरून जायच्या. चौकात उतरून बदलायचं होतं. आधी आली ती टेकडीची, तेव्हा तिच्यातच बसली. चौक आला तसे चावीवाले नेहमीप्रमाणे पहिले उतरले, एक हात छातीवरच्या खिशावर. मागं वहिनी, त्यांच्या मागं दोन पिशव्या सावरत नणंद.

वहिनी दारापाशी आल्या आणि दांडा धरून उभ्या राहिल्या.

"वहिनी, उतरा ना!"

वहिनी हलल्या नाहीत. आपण काय करतोय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. दार बंद झालं.

बाहेर चावीवाले वळले. आधी त्यांनी काच ठोकली. मग पिन काढली, पास बाहेर काढला आणि तो काचेला लावून धरला. ट्राम त्या कागदाला घाबरून थांबेल अशी त्यांची कल्पना असावी. ट्राम निघाली. पास धरलेला हात थोडं अंतर काचेबरोबर धावला आणि मागं पडला.

"अगं बाई! पास दादाकडे!" नणंदेनं घराला आग लागल्यासारखा आरडाओरडा सुरू केला. "आपण बिनतिकिटाच्या! वहिनी, आता काय करायचं हो?"

"तिकीट काढायचं," वहिनी म्हणाल्या.

"कुठं मिळतं?"

ते वहिनींनाही माहीत नव्हतं. समोर बसलेल्या एका बाईनं बोटानं दाखवलं, "तिथं, ड्रायव्हरजवळ." एवढंच होतं ते. वहिनी पुढे गेल्या. "वन्सं, तुमचंही काढू?"

"नको नको, दादाला काय वाटेल!" म्हणत नणंद पुढच्याच थांब्यावर उडी मारल्यासारखी उतरली.

नंतरचं वहिनींना नणंदेनंच, काही पाहिलेलं आणि काही दादाकडून ऐकलेलं, भाबडेपणानं, एकही शब्द न गाळता सांगितलं. चावीवाले पाठलाग करायला मागच्या ट्राममध्ये चढले होते. आणि ज्याची दोन दिवस वाट पाहिली, तो तपासनीस नेमका त्याच ट्राममध्ये होता. ह्यांनी पास पुढे केला. तपासनीस म्हणाला, "ग्रुप पास. ग्रुप कुठाय?"

"पुढे गेला."

"मग तुम्ही एकटेच?"

"पाच माणसांना चालतो ना? मग एकाला तर चाललाच पाहिजे! पाचांत एक येतो की नाही?"

"कमीत कमी दोघं लागतात, काका. एकट्या माणसाचा ग्रुप होत नाही."

नणंद पुढच्या थांब्यावरून त्या ट्राममध्ये चढली तेव्हा चावीवाल्यांच्या नावाची दंडाची पावती फाडून झाली होती. "ही बघा, ही माझी बहीण! आता दोघं झालो!" ते ओरडत होते. ट्राममधली माणसं खिडकीबाहेर बघत होती. कुणी हसलंसुद्धा नाही. हसण्याएवढाही तो माणूस कुणाला महत्त्वाचा वाटला नाही.

तोवर वहिनी टेकडीवर पोचल्या होत्या. वॉर्डात दोन्ही बाजूंना खाटा, खिडकीजवळची ताईची. वहिनी वाटेवर मनात तो जुना, मशिनींवरून येणारा आवाज ऐकत आल्या होत्या. इथं आला तो लाकडावर करवत फिरावी तसा.

"चिमे? एकटी?"

"एकटी."

"कशी आलीस?"

"तिकीट काढून."

"तू?" ताईनं उशीवरून मान उचलली. "आणि ते कुलूप कुठं सोडलंस?"

वहिनींनी सगळं सांगितलं. खिडकीतली मुलगी, पिन, काचेला लावलेला पास. ताई हसायला लागली, ते हसणं खोकल्यात गेलं, परिचारिका धावत आली.

"आजी, डॉक्टरांनी बोलू नका म्हटलंय."

"उद्यापासून गप्पच बसणार आहे, बाळ. आज डॉक्टरला सांग, कान झाकून घे."

परिचारिका पाण्याचा पेला ठेवून निघून गेली. मग ताई बोलत राहिली. ऐकलं पाहिजे असं त्यात काही नव्हतं. क्लासमधली कोण मुलगी कुठं गेली, कुणाच्या बाह्या अजून उलट्या लागतात, शेजारच्या खाटेवरची बाई रात्री घोरते. मधेच थांबून ती म्हणाली, "चिमे, लहानपणी तू बाबांच्या कोटाचं अस्तर कापलं होतंस ना? मी मार खाल्ला तुझ्यासाठी. सांगायचं राहिलं होतं."

"मला माहीत होतं, ताई."

"मग बोलली का नाहीस, मेली?"

तेवढ्यात वॉर्डाच्या दारात चावीवाले उभे राहिले, लाल तोंडानं, आणि मागं नणंद. ताईची चौकशी वगैरे त्यांच्या मनातही आली नाही.

"चल ऊठ," ते म्हणाले. "दंड भरावा लागला तुझ्यापायी! अजून दोन तास आहेत पासाचे. निघालो तर अर्धं वर्तुळ होईल."

वहिनींनी वळून पाहिलं. इतकी वर्षं ह्या माणसाच्या मागून चालल्यामुळं त्यांनी त्याला असं समोरून, नीट कधी पाहिलंच नव्हतं. पाहण्यासारखं फारसं नव्हतं.

"तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "दोघं आहात. चालेल."

"आणि तू?"

"मी ऑपरेशन होईपर्यंत इथं आहे. पुढचं पुढे."

"परत कशी येणार तू?"

वहिनींनी ताईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. उत्तर ताईनं दिलं असतं, पण तिनं उरलेला घसा त्या माणसावर खर्च केला नाही. चावीवाले थोडा वेळ वाट पाहत उभे राहिले. कुणीतरी आपली समजूत काढेल असं त्यांना वाटत होतं. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, आणि ते खरोखरच गेले. उद्या जिचा आवाज जाणार तिला बरं-वाईट एक शब्द न बोलता, दोन तासांच्या पासासाठी गेले. नणंद दारात घुटमळली. "ताई, बऱ्या व्हा हं," एवढं कसंबसं म्हणाली आणि दादाच्या मागे धावली. ती नसती तर पास चालला नसता.

"गेले?" ताईनं विचारलं.

"गेले."

"तर मी काय सांगत होते?" आवाज आता इतका खाली गेला होता की वहिनींना खुर्ची ओढून कान तिच्या तोंडाजवळ न्यावा लागला. "हां. ती घोरणारी बाई. अगं, पहिल्या रात्री मला वाटलं, कुणीतरी मशीन चालवतंय..."