पॅसेजमधली रांगोळी

हसायला माझी हरकत नाही, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. हे ऐकताना माझ्या नणंदेच्या नाकातून चहा आला होता! आणि एक आधीच कबूल करते, यात मूर्ख फक्त मीच आहे. दुसऱ्या कोणाला तरी त्यात घुसवायचा मी खूप प्रयत्न केला, जमलं नाही.

अंबरनाथला एमआयडीसीत फ्रोझन मटार, पराठे, समोसे पॅक करायची कंपनी आहे, तिथलं ऑफिस मी बघते. शेठ उल्हासनगरचे, सिंधी, माणूस एकदम देवभोळा. आमच्याकडे पॅकिंग आणि कोल्ड रूमच्या मध्ये एक पॅसेज आहे. त्या पॅसेजच्या डोक्यावरून कोल्ड रूमचा पाइप जातो आणि त्याच्यावरचं वेष्टण फाटलेलं. गार पाइपाला घाम सुटायचा आणि दिवसभर खाली टप, टप, टप! लादी अशी गुळगुळीत झालेली की चालताना बर्फावरून चाललोय असं वाटायचं.

उपाय केले नाहीत असं नाही हं. बादली ठेवली, ती ट्रॉली लागून रोज लवंडायची. ‘फरशी ओली आहे’ असा पिवळा बोर्ड आणला, त्याच्यावर बायका हातमोजे वाळत घालायला लागल्या. आणि एक दिवस पॅकिंगमधली नंदा पराठ्यांच्या खोक्यासकट आडवी झाली. मनगट मोडलं. पोरगी प्लास्टर घालून स्टिकर लावायला बसली.

शेठ हादरले. त्यात पुण्याची एक मोठी पार्टी आमच्याकडून माल घेणार होती आणि तिचे साहेब त्याच आठवड्यात कंपनी बघायला येणार होते.

शेठनी सगळ्यांना गोळा केलं. "देखो, ये ऑर्डर गया तो दोपहर की शिफ्ट बंद करनी पड़ेगी. मेरे को अच्छा नहीं लगेगा, पर करनी पड़ेगी. आज से सेफ्टी का जिम्मा जयश्री मॅडम का!"

दुपारच्या पाळीत सगळ्या बायका. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला घामच फुटला. पण मीच का? तर म्हणे, ऑफिसात सपाट चपला फक्त मी घालते.

आता मेंटेनन्सच्या भोईरदादांना सांगून पाइप गुंडाळून घ्यायचा, संपला विषय. कोणीही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण भोईरदादा पुतण्याच्या हळदीला गावी गेलेले. आणि भोईरांकडची हळद म्हणजे माणूस परत कधी येईल ते नवरदेवही सांगू शकत नाही.

मग माझं डोकं चाललं. हेच, हेच ते डोकं!

मला वाटलं, आपली माणसं बोर्ड वाचत नाहीत, बादली बघत नाहीत. पण एक गोष्ट आहे जिच्यावर कोणी पाय देत नाही. बरोबर! सकाळी लवकर गेले आणि त्या ओल्या जागेच्या भोवती, कोरड्या लादीवर, मस्त गोल रांगोळी काढली. पाकळ्या काय, वेलबुट्टी काय, रंग भरले. दाराशी काढत नाही इतकी मन लावून काढली.

आणि काय सांगू, जादू झाली! ट्रॉलीवाले वळसा घालून जायला लागले. बायका पदर सावरून कडेकडेने. एक माणूस घसरेना. मी पॅसेजमध्ये अशी फिरत होते जशी काय मला कोणी पदक देणार आहे.

दुसऱ्या दिवशी रांगोळीच्या मधोमध एक झेंडूचं फूल.

मी म्हटलं, असू दे, छान दिसतंय.

तिसऱ्या दिवशी हळदकुंकू. मग अगरबत्ती. मग माल न्यायला आलेला ट्रक ड्रायव्हर मला विचारतो, "मॅडमजी, ये किसका स्थान है?"

"अहो भैया, कुछ नहीं है, वो पानी..."

"पानी अपने आप आता है?" भैयाने वर बघितलं, डोळे मिटले, कानाला हात लावले आणि गाडी काढायच्या आधी तिथे नारळ फोडला! म्हणजे बघा, ज्या जागेवर पाणी नको म्हणून मी रांगोळी काढली, तिथे आता नारळाचं पाणीसुद्धा. वरून फुलांच्या पाकळ्या. त्या कुजून चिकट.

तेवढ्यात शेठ आले. बूट काढले, हात जोडले. "वाह मॅडम! ये बहुत अच्छा किया. जब से ये बना है, एक आदमी नहीं गिरा!"

तेव्हा बोलायला हवं होतं ना मी? पण शेठ पहिल्यांदाच माझं कौतुक करत होते हो. मी नुसती लाजले.

पुण्याचे साहेब यायच्या आदल्या दिवशी भोईरदादा हळदीवरून उगवले. मी धावतच गेले. "दादा, आधी तो पाइप गुंडाळा, पाया पडते!"

दादांनी पॅसेज बघितला आणि शिडी भिंतीला टेकवून ठेवली. "ताई, शिरी कुठं लावू? पाइपाच्या खाली त तुमचा देव बसलाय."

"देव नाही ओ, मी काढलेली रांगोळी आहे!"

"शेठ बूट काढून पाया परतान, तिथं मी शिरी ठेवू? माझी नोकरी जाईल ना."

मग मीच खराटा घेऊन गेले. तर पॅकिंगमधल्या बायका आडव्या आल्या. "ताई, खराट्याने? शोभतं का तुम्हाला?" खरंच शोभत नव्हतं. खराटा ठेवून दिला.

साहेब आले. बारीक, गंभीर माणूस, हसायचं खातं बंद. शेठ पुढे, साहेब मध्ये, मी मागे. पॅसेजमध्ये समोरून ट्रॉल्या येतायत, प्रत्येकजण गोल वळसा घालतोय, प्रत्येकजण कपाळाला हात लावतोय. साहेब थांबले.

"हे काय आहे?"

शेठ म्हणाले, "हमारा छोटा सा मंदिर है, सर."

"कुणाचं मंदिर?"

शेठनी माझ्याकडे बघितलं. ट्रॉलीवाल्यांनी बघितलं. नंदा स्टिकर हातात धरून बघायला लागली. मला दुपारच्या पाळीतल्या बायका दिसायला लागल्या.

"सर," मी म्हटलं, "गळक्या पाइपाचं."

साहेबांनी मान वर करून पाइप बघितला.

"म्हणजे सर, इथे घसरतं, म्हणून मी ही रांगोळी..." असं म्हणत नेमकं कुठे घसरतं ते दाखवायला मी एक पाऊल पुढे टाकलं. पुढचं मला फक्त तुकड्यातुकड्यांत आठवतं. झेंडू. छत. शेठचं "अरे अरे अरे". आणि मी रांगोळीच्या बरोब्बर मधोमध, बसकण मारून! साडीला गुलाबी, हिरवा, पिवळा. अर्धी वेलबुट्टी मी घेऊन उठले.

भिंतीला टेकवलेल्या शिडीपाशी उभ्या भोईरदादांनी खाली बघितलं. "पुसली वाटतं," म्हणाले, आणि शांतपणे शिडी लावली. पाइप गुंडाळून खाली उतरेपर्यंत मला बायकांनी पाणीसुद्धा धड पाजलं नव्हतं! एवढंसं काम होतं हो ते!

साहेब तिथेच उभे राहून बघत होते. टपटप थांबली तशी त्यांनी लादी पुसून घ्यायला सांगितली, स्वतः बुटाने दाबून बघितली. "इथे रबरी मॅट टाका, आणि कोल्ड रूमच्या दाराशीही. मॅट पडली की फोटो पाठवा, ऑर्डर सुरू करू." दुपारच्या पाळीच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेठ तर मलाच नमस्कार करायच्या बेतात होते.

सगळे गेल्यावर मी नंदाच्या शेजारी उशी घेऊन बसले. सरळ बसवतच नव्हतं. पण मन काही ऐकेना.

"नंदा, खरं सांग हं. आयडिया अगदीच वाईट नव्हती ना माझी? इतक्या दिवसांत तिथे एक माणूस पडलं नाही!"

नंदाने एका हाताने खोक्यावर स्टिकर लावलं, अंगठ्याने नीट दाबलं आणि मान वर न करता म्हणाली, "पडणार कसं ताई, जागा तुम्ही राखून ठेवलेली ना."