येतो म्हणावं

संध्याकाळी ऑफिसातून निघताना कुणी "जातो" म्हणालं, की शेजारच्या टेबलावरच्या देशपांडे मॅडम मान वर न करताच टोकायच्या, "जातो म्हणू नये रे. येतो म्हणावं." नवी पोरं हसायची, पण "येतो" म्हणूनच बाहेर पडायची.

काल दुपारी साहेबांनी मॅडमना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांची नोकरी गेलेली होती. खुर्चीवरची शाल त्यांनी घडी करून पिशवीत ठेवली आणि आमच्याकडे पाहत म्हणाल्या, "जाते हं मी."

टोकायला हवं होतं कुणीतरी. पण केबिनची काच आरपार आहे. कोण कुणाच्या जवळचं, ते आतून स्पष्ट दिसतं. सगळ्यांची बोटं कीबोर्डवर चालत राहिली.

“येतो” हा किती साधा शब्द. निघालेला माणूस परत येणारच, एवढंच त्यात धरून चाललेलं असतं. आमच्याकडे आता तेवढंही कुणी धरून चालत नाही.

आज निघताना प्रत्येक जण "येतो" म्हणाला, जरा मोठ्यानेच. एकमेकांकडे मात्र कुणी पाहत नव्हतं. मीसुद्धा "येते" म्हणाले ते त्या काचेकडे बघून, परवानगी मागितल्यासारखं.