सगळ्यात शेवटी दिवेकरकाका

सागाची वाळलेली पानं वाजली की मागून सायकल येतेय असं समजायचं. त्या रविवारी पानं वाजतच नव्हती. जांबुघोड्याच्या बाजूच्या जंगलात जिथे केडी, म्हणजे पायवाट, दोन बाजूंना फुटते, तिथे मी डावा हात लांब करून उभा होतो. हात दुखला की उजवा करायचो, मग लक्षात यायचं की आता आपण दरीकडे बोट दाखवतोय... परत डावा. अर्ध्या तासाने लांबून हाक आल्यासारखं वाटलं, "बाळुभाई". दोनदा. आमच्या सायकल ग्रुपमधल्या कोकिळाबेनचा आवाज. मी मनात म्हटलं, अच्छा, आज माझी फिरकी घ्यायचा बेत आहे. मी हललो की झाडामागून दहा जण हसत बाहेर येणार. मग मी मुद्दाम हललो नाही. उलट शीळ घालत बसलो, म्हणजे त्यांना कळावं की बाळू फसला नाही. आणखी बऱ्याच वेळाने कोकिळाबेन चालत आल्या, सायकल नाही, ओढणीला पानं चिकटलेली. म्हणाल्या, "बाळुभाई, काका नथी रह्या." काका गेले. आणि मी काय म्हणालो माहितीये? म्हणालो, "बेन, मस्करी जरा लांबली तुमची."

त्याला आता सव्वा महिना झाला. हे मी बोलतोय आणि मुलगी लिहून घेतेय. माझी शाळा चौथीत संपली. मास्तर म्हणाले पुढच्या वर्षी परत ये, मी त्यांना शब्द दिला आणि अजून गेलेलो नाही. बडोद्यात गोत्रीला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. सायकल दुरुस्त करणाऱ्याला सायकल चालवता येते असं लोकांना उगाच वाटतं.

दिवेकरकाका समाला राहायचे. आजोबा संस्थानात कारकून, वडील कचेरीत, स्वतः कचेरीतूनच रिटायर. साठीनंतर या माणसाने जाड टायरची सायकल घेतली आणि जंगलात जायला लागला. पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मी गिअर नीट करून दिला. तर माझ्यासमोरच त्यांनी सायकल उलटी केली, खिशातून स्वतःचा पाना काढला आणि एकेक नट तपासला. सगळे. मी चहा प्यायला चाललो होतो तो तसाच उभा. मनात म्हटलं, डॉक्टरकडून आल्यावर हा माणूस पोट पण परत उघडून बघत असेल. तोंडाने म्हणालो, "काका, बराबर आहे ना?" ते म्हणाले, "आहे." एवढंच. पुढच्या वेळेला परत तेच. बारा वर्षं तेच. माझ्यावर विश्वास नाही हे मी तेव्हाच पक्कं धरलं, आणि एकदा धरलेलं मी सोडत नाही, सायकलच्या ब्रेकसारखा नाही मी.

त्यांनीच मला ग्रुपमध्ये ओढलं. जंगलात गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, फार, त्याच्या काट्याने ट्यूब जाते, तर पंक्चर काढायला कोणीतरी पाहिजे. पहाटे टेम्पोत सायकली चढवायच्या आणि निघायचं. लोक कसे, तर एक-दोघं असे की उतारावर हवेत जातात, आणि कोकिळाबेनसारखे, ज्यांनी पन्नाशीनंतर सायकल शिकली आणि छोट्या दगडाला पण उतरून नमस्कार केल्यासारखं करून पुढे जातात. सगळ्यांना एकाच केडीवर कसं न्यायचं? तर काकांची पद्धत होती. फाटा आला की पुढच्याच्या मागे जो असेल त्याने तिथे थांबायचं आणि बरोबर वाटेकडे हात करून उभं राहायचं. सगळे जाईपर्यंत. शेवटी काका येणार. काका आले की मगच हलायचं. म्हणजे जोरात जाणाऱ्याला कोणासाठी रखडायला नको, आणि हळू येणाऱ्याला हरवायची भीती नको. काका नेहमी शेवटी. कोणी कितीही हळू असो, काका त्याच्या मागे.

मला तेही खटकायचं. हा माणूस मागून का येतो? आधी वाटलं, चढावर दम लागतो आणि कबूल करायचं नाही. मग एकदा त्यांना चढावर बघितलं, तर मला पाठीवर घेऊन चढले असते. मग वाटलं, कोण पडतो ते बघायला येतात. पडणारा बहुतेक मीच असायचो. पहिल्याच उतारावर मी ब्रेक सोडून डोळे मिटले आणि सागाच्या झाडाला अशी मिठी मारली की लग्नात बायकोलाही मारली नव्हती. त्यानंतर प्रत्येक उताराला मी चेन तपासायला उतरायचो. काका मागून यायचे, माझ्या चेनकडे बघायचे, म्हणायचे, "परत निघाली?" मी म्हणायचो, "काका, ही कंपनीच भंगार आहे." ते सायकलवरून उतरायचे आणि माझ्याबरोबर चालत खाली यायचे. एकदाही म्हणाले नाहीत की चेन तर जागेवर आहे. मला वाटायचं, मनात ठेवून घेतायत. एक दिवस सगळ्यांसमोर काढतील.

आणि मग, काका जायच्या दोनेक महिने आधी, माझ्याकडून एक चूक झाली. त्याच फाट्यावर मी उभा होतो. त्याच्या आदल्या रविवारी मी झुडपामागून बिबट्यासारखा गुरगुरलो होतो आणि एक प्रोफेसर सायकल टाकून पळाले होते, तर आज माझी पाळी असणार हे मला ठाऊक होतं. पाऊण तास काका आले नाहीत. मी म्हटलं, हे सगळे दुसऱ्या वाटेने टेम्पोपाशी गेले असणार, गाठिया खात असणार, आणि बाळू इथे हात लांब करून उभा. मी निघालो. टेम्पोपाशी आलो तर काका आणि कोकिळाबेन सोडून सगळे होते. कोकिळाबेनचा पाय मुरगळला होता, काका त्यांना घेऊन सायकली ढकलत येत होते. फाट्यावर कोणी नाही, म्हणजे ही फाट्याची जागाच नाही असं समजून ते सरळ गेले आणि दरीत उतरले. परत आले तेव्हा दुपार टळून गेली होती. कोकिळाबेन मला म्हणाल्या, "तमे क्यां गया'ता, भाई?" कुठे गेलो होतो ते सांगणार होतो, पण गाठिया तोंडात होते.

काकांनी पुढच्या रविवारी बरोबर पुढच्याच्या मागे मला घातलं, म्हणजे तोच फाटा माझ्या वाट्याला. त्याच्या पुढच्या रविवारीही. म्हटलं, ही शिक्षा आहे. एकदा न राहवून विचारलं, "काका, अजून किती वेळा?" तर म्हणाले, "बाळू, तू उभा आहेस म्हटलं की मी मागे निवांत असतो." मला वाटलं, टोमणा आहे. तो शब्द मी महिनाभर उलटासुलटा केला, त्यात टोमणा कुठे आहे ते मला सापडलं नाही, म्हणून शंका जास्तच वाढली.

काका गेल्यावर समाला गेलो. काकू म्हणाल्या, "लगेच गेले रे. त्रास नाही झाला." त्यांचा मुलगा नितीन म्हणाला, "लगेच गेले, बाळूभाऊ." प्रोफेसर म्हणाले, "लगेच. काही करताच आलं नसतं." तीन तोंडं आणि एकच वाक्य, तेही माझ्याकडे न बघता. मी चौथी नापास असलो तरी एवढं कळतं की पाठ करून आलेले आहेत. लगेच गेले, तर कोकिळाबेनने हाक कशाला मारली? मेलेल्या माणसासाठी कोणी दोनदा हाक मारतं? दुकानात स्पोक बांधताना तेच, जेवताना तेच. कोणाला विचारायची हिंमत नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. मी अर्धा किलोमीटर पुढे उभा राहून शीळ घालत होतो आणि ते तेव्हा जिवंत होते.

शेवटी कोकिळाबेन स्वतःच दुकानात आल्या, ब्रेकचं निमित्त काढून. मी म्हटलं, "बेन, ब्रेक चांगले आहेत. मी हाक ऐकली होती." त्या खाली स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, घरच्यांनी सांगितलं होतं की बाळूला सांगू नका, मनाला लावून घेईल. काका सागाला टेकून बसले होते, छातीवर हात. वीसेक मिनिटं होते. काकांना एकटं टाकून यायची हिंमत होईना म्हणून बेननी तिथूनच हाक मारली. मी आलो नाही. तर काका जरासे हसले... आणि म्हणाले, "नाही येणार तो. आता शिकला."

मी पाना हातात घेऊन बसलो. शिकलो. पूर्ण बडोद्यात माझ्याबद्दल चांगलं मत असलेला एकच माणूस, आणि तो चुकीच्या माहितीवर गेला. मी शिस्तीने उभा नव्हतो, बेन. मला वाटलं तुम्ही माझी मजा घेताय. हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ए तो मनेय खबर नहोती." त्यांनाही ते माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, "काकाने खबर हशे." काकांना माहीत असणार. आता हे खरं, की माझं मन राखायला म्हणाल्या, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. बघितलं त्यांच्याकडे नीट, पण त्या ओढणीने डोळे पुसत होत्या, तेव्हा काही कळलं नाही.

मागच्या रविवारी परत गेलो. शेवटी कोण राहणार म्हटल्यावर सगळे आपापल्या टायरची हवा बघायला लागले. मी म्हटलं, मी राहतो, तसाही मी शेवटीच असतो. कोकिळाबेन चालत उतरल्या, मी पण उतरलो, या वेळी चेन तपासली नाही. फाट्यावर प्रोफेसर हात लांब करून उभे. कोकिळाबेन गेल्या. मी पोचलो, तरी प्रोफेसर हलेनात. माझ्या खांद्यावरून मागे केडीकडे बघत राहिले. मी म्हटलं, "चला सर, मीच शेवटचा." ते "हो, हो" म्हणाले, हात खाली घेतला आणि निघाले. मी निघालो नाही लगेच. मागे वळून जरा वेळ पानांचा आवाज ऐकला... मीच शेवटचा म्हणालो खरा, पण माझा काय, माझ्या स्वतःच्या बोलण्यावरही विश्वास नाही.