दुमडीतली चार बोटं

गोरसपाक बिस्किटांचा तुपकट, खरपूस वास आला की मला वर्ध्यातलं बेकरीला लागून असलेलं आमच्या शिंप्याचं दुकान आठवतं. लेकीच्या शाळेचा निळा स्कर्ट तीन वर्षं तोच चालला होता, कारण किडनीच्या दुखण्यानं तिची उंची अडूनच बसली होती. मग बायकोनं तिला आपली किडनी दिली. द्यायला मीही तयार होतो, पण तपासणीत माझी शुगर निघाली. एवढी वर्षं गोरसपाकाचे पुडे मीच तर संपवले होते! वर्षभरात तो स्कर्ट आखूड झाला. शिंप्यानं खालची दुमड उसवली, तेव्हा आतून चार बोटं न विटलेलं, गडद निळं कापड बाहेर आलं. "वहिनी, तुमची किडनी चांगलीच अंगी लागली ना पोरीच्या!" तो म्हणाला. बायको अशी फुलून हसली की मी आतल्या आत जळलो. पोरगी वाढल्याचा आनंद मलाही होताच, पण त्या चार बोटांत माझं एकही नव्हतं. "उंची तं आमच्या खानदानातच हाये, किडनीचं फक्त निमित्त," मी ठासून सांगितलं. लेक म्हणाली, "बाबा, तुमची बसवली असती तं मी आडवी वाढली असती!" शिंप्याला हसू आवरेना, मशीनच थांबलं. आता ती आम्हा दोघांपेक्षा उंच आहे, आणि माझ्या शुगरपायी गोरसपाकाचा पुडा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवते. तिथे माझा हात पोचत नाही. पण बायकोचाही पोचत नाही, आणि तेवढ्यानं मला फार बरं वाटतं.