कमरेतला नारू

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका हट्टी डॉक्टर साऱ्या ठाणे जिल्ह्यात झाला नसेल. स्वराज्य नवं होतं, कासा गावात त्यांचा दवाखाना होता आणि जगातली निम्मी दुखणी नारूमुळेच होतात अशी त्यांची खात्री होती. लोक विहिरीत उतरून पाणी भरायचे ते दिवस. पाण्यातून पोटात गेलेला नारू वर्षभराने पायातून पांढऱ्या दोऱ्यासारखा बाहेर पडतो, हे आम्हालाही ठाऊक होतं. पण भाऊजींना तो कुठेही दिसे. टांग्याचा घोडा लंगडला तरी खाली उतरून त्याचा पाय चाचपत. नरपडच्या एका लग्नात तर भर पंगतीत सगळ्यांचं पाणी स्वतःच्या उपरण्यातून गाळत बसले, आणि वरमाईचा गुडघा दुखतो असं कानावर येताच हातातला लाडू टाकून गुडघा तपासायला निघाले. ती मंडळी अजून आमच्याशी धड बोलत नाहीत.

म्हणून तलासरीकडच्या एका शेतकऱ्याच्या सुनेच्या कमरेवरची गाठ पाहून त्यांनी 'नारू' म्हटलं, तेव्हा मीदेखील हसलो. डहाणूच्या एका डॉक्टरांनी क्षयाची गाठ ठरवून तिला मुंबईला न्यायला सांगितलं होतं. लागण होईल म्हणून सासूने तान्हं पोर तिच्यापासून काढून घेतलं होतं आणि दवाखान्याच्या ओसरीवरही ते सासूच्याच मांडीवर, शेळीच्या दुधावर रडरड रडत होतं.

"भाऊजी, नारू कधी कमरेत चढतो का?"

"क्षयाची गाठ थंड असते. हिची आग होतेय." मग तिच्याकडे वळून, "बाई, हंडा कुठल्या कमरेवर घेतेस?"

तिने गाठीवरच हात ठेवला.

"बघ! रोज ओलं, रोज गार. नारू पाण्याच्या ओढीनेच तोंड बाहेर काढतो, त्याला आणखी काय हवं? गाठ फुटेपर्यंत मी हिला सोडत नाही."

सासरा गाडी जुंपून बसला, बहीण जेवायला हाका मारून वैतागली. भाऊजी आपले गाठीवर गार पाण्याच्या पट्ट्या बदलत राहिले. दिवस कलता कलता फोड फुटला आणि पांढरं टोक दिसलं. भाऊजींनी ते अलगद काडीला गुंडाळलं. मी धावत जाऊन पाणी आणून दिलं.

"डाक्तर, आता पोर घेवू का?" तिने विचारलं.

एरवी कुणाला बोलू न देणाऱ्या भाऊजींनी नुसती मान डोलावली. माझ्या बहिणीला मूलबाळ झालं नाही. भाऊजी आता नाहीत, पण ते पोर आईच्या कुशीत निजेपर्यंत दोघं नवरा-बायको ओसरीवर त्याच्याकडे बघत बसून होती, तेवढं मला अजून दिसतं.