पडद्यामागचा फासा

व्हर्लिन टेस्मरला झोप हवी होती. दुसरं काही नको. विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात पहाटे साडेचारला उठून शाळेची बस तापवायची, पोरांना बर्फातून शाळेत पोचवायचं, दुपारी परत आणायचं. आणि शनिवार आला की दोनच्या ठोक्याला चर्चच्या तळघरात मंडळींना राक्षसांशी लढवायचं. सत्तावीस वर्षं हे चाललं होतं. खेळ सगळा तोंडी. कुणी तलवारबाजाचं, कुणी जादूगारणीचं सोंग घ्यायचं, आणि राजे, पहारेकरी, सराईवाले असं उरलेलं जग एकट्या व्हर्लिननं उभं करायचं. बासष्टाव्या वर्षी जग उभं करून माणसाची कंबर मोडते.

सगळ्यात रंगायचं ते आर्नी स्कॉगचं सोंग. आर्नी चीजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, दारावरच्या विक्रेत्याला 'नको' म्हणतानाही कानापर्यंत लाल होणारा. खेळाच्या टेबलाशी बसला की मात्र अट्टल ठग! बायको गेल्यापासून त्याचा आठवडा म्हणजे एक शनिवार. व्हर्लिनचं घोडं अडलं होतं ते इथेच. खेळ बंद करायचा होता, बाकीच्यांना फोनवर सांगता आलं असतं. पण आर्नीला कुठल्या तोंडानं सांगायचं?

थापांचे नियम व्हर्लिनचे स्वतःचे, पिवळ्या पडलेल्या वहीत लिहिलेले. थाप मारणाऱ्यानं वीस बाजूंचा फासा सर्वांदेखत टाकायचा. ऐकणाऱ्याला ती कळली का, याचा फासा व्हर्लिन पुठ्ठ्याच्या पडद्यामागे टाकणार. ज्याचा आकडा मोठा, त्याची सरशी. समोरच्याला जी गोष्ट पक्की ठाऊक आहे तिच्याबद्दल थाप मारली, तर थाप मारणाऱ्याच्या आकड्यातून पाच वजा. आणि फासा काहीही पडो, व्हर्लिन एकच वाक्य बोलणार, "त्याला तुझं खरं वाटलेलं दिसतंय." खोट्याच्या कपाळी गोटा हे खरं, पण तो कधी बसणार हे आधी सांगायचं नाही. या नियमावर आर्नीचा भारी जीव.

त्या शनिवारी खेळ उरकला, बाकीची मंडळी गेली. आर्नी नेहमीप्रमाणे खुर्च्या मिटायला थांबला.

"आर्नी, एक राहिलंच. पाद्रीबाईंना तळघर परत हवंय. आता इथे जमणार नाही आपल्याला."

आर्नीनं हातातली खुर्ची भिंतीला टेकवली. तळघराच्या किल्ल्या त्याच्याच कमरेला लटकत होत्या. चर्चच्या समितीत तळघराचं सगळं तोच बघायचा. सत्तावीस वर्षं लोकांच्या थापा जोखणाऱ्यानं ही थाप मारली होती. हिला पाच कसले, पन्नास वजा करायला हवे होते.

"फासा टाक," आर्नी म्हणाला.

"अरे, खेळ संपला."

"नियम तुझाच ना? मग टाक."

व्हर्लिननं टाकला. तीन पडले.

आर्नी टेबलाला वळसा घालून पडद्यामागे गेला. इतक्या वर्षांत तो तिकडे कधी गेला नव्हता. टेबलावर वाकला. मग म्हणाला, "त्याला तुझं खरं वाटलेलं दिसतंय." कोट चढवला, किल्ल्या टेबलावर ठेवल्या, "कुलूप लावून घे," म्हणाला आणि जिना चढून गेला.

सुटलो, असं व्हर्लिनला वाटलं. पण चोराच्या मनात चांदणं. त्यानं पडद्यामागे पाहिलं. तिथल्या फाशावर वीस होते. आणि फासा गडगडल्याचा आवाज तर आलाच नव्हता. आर्नीनं तो हातानंच ठेवला होता.

व्हर्लिनला स्वतःची इतकी लाज वाटली की कोट न घालताच तो वर धावला. आर्नी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता.

"आर्नी, मी थकलोय रे."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तीन वर्षं माझी एकही थाप पकडली नाहीस तू. मागच्या महिन्यात त्या पहारेकऱ्याला मी सांगितलं, मी तुझी आई आहे. तीही पचली! एवढा हुशार मी नाही, व्हर्लिन. तुझ्यात वाद घालायचं त्राणच उरलं नव्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर माझा शनिवार गेला असता." आर्नी काच खरवडतच राहिला. "आत जा. गोठशील."

व्हर्लिन हलला नाही. "पुढच्या शनिवारी मी घरीच आहे. झोपलेला असेन."

"मग दोनला येतो. तू झोप. मी बसतो पलीकडच्या खुर्चीत."

"नुसता बसून काय करशील?"

"घोरायला लागलास की कुशीवर वळवीन."

व्हर्लिननं त्याच्या हातून खरवडणी घेतली आणि पलीकडच्या काचेला लागला. "मागचं दार उघडं ठेवतो," तो म्हणाला.