रुई उडायची थांबेपर्यंत

गाडीवरून तो तळहात कधी फिरवायचा नाही. हात उलटा करायचा, डोळे मिटायचा आणि बोटांची मागची बाजू पत्र्यावरून हळूच ओढायचा. मग ठरलेलं वाक्य: "अजून न्हाई."

मंठा गावातला हा पेंटर मला उशिराच सापडला. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी मोटार पुरती रंगवून घ्यायची होती. जालन्यातल्या दुकानांत विचारून पाहा, तुम्हालाही तेच ऐकायला मिळेल. पोचा काढून देऊ, दरवाजाला रंग मारून देऊ. पण अख्खी गाडी, तीही एवढी जुनी? जागा अडते. आणि मला तर घाई होती. अण्णांना काचबिंदू झालेला, नजर झपाट्याने जात होती. गाडी पुन्हा पहिल्यासारखी आकाशी झालेली त्यांना एकदा बघायची होती.

हे सगळं मी पेंटरला सांगितलं. त्याने मान हलवली, काचा, रबरं, दिवे, दरवाजे उतरवून ठेवले. काहीच न उतरवता वरून रंग मारणाऱ्यांना तो 'पावडर लावणारे' म्हणायचा. जुना रंग खरवडला, प्रायमर मारला, घासला. आणि थांबला. दुकानासमोरच कापसातली सरकी काढायचा कारखाना, जिनिंग, होता.

"समोर जिनिंग चालू हे, भाऊ. रुई उडून राह्यली. ओल्या रंगावर बसली की गाडीला लव फुटती."

"पण अण्णांचे डोळे..."

"म्हणूनच तं. त्यांना खराब काम दाखवू का? जिनिंग बंद होऊ द्या, मंग बघा."

त्या साली भाव वाढेल म्हणून लोकांनी कापूस घरातच धरून ठेवला, उशिरा विकायला काढला, आणि जिनिंग पार उन्हाळ्यात बंद झाली. मी फोन करायचो, तिकडून "अजून न्हाई". चिडायचो, पण त्याच्या हातचं काम पाहिल्यावर गाडी दुसरीकडे न्यायला मन होईना.

शेवटी गाडी झाली. रस्त्याने जाणारे थांबून बघत होते. तोवर अण्णांना नुसता उजेड-अंधार कळायचा. हाताला धरून मी त्यांना बॉनेटपाशी उभं केलं, तर चेहरा भलतीकडेच. मग त्यांनी हात फिरवला.

"गुळगुळीत आहे हो. आकाशीच ना?"

"आकाशीच, अण्णा. बिलकुल पहिल्यावानी," एवढं बोलून पेंटर आत गेला, तो आम्ही निघेपर्यंत बाहेर आला नाही. मला फार वाईट वाटलं. अण्णांसाठी आणि त्याच्यासाठीही.

त्यानंतर कुणीही गाडी आणली, की हात लावायच्या आधी तो विचारायचा, "बघायची कुणाला हे?" उत्तर ऐकून कधी कधी भर जिनिंगमध्येही रंगाची गन उचलायचा.

मागच्या वर्षी तो गेला. त्याच्या दुकानात आता टायर विकतात.

परवा अण्णांच्याच बोटांना दरवाजावर एक ओरखडा जाणवला. मी गाडी घेऊन जालन्यातली दुकानं फिरलो. सगळ्यांनी वाकून पाहिलं, संध्याकाळपर्यंत देतो म्हणाले. बघायची कुणाला, हे कुणीच विचारलं नाही. गाडी तशीच परत आणली.